जुन्या घरगुती संगणकांचे व्हिडिओ: कोणते पाहावेत आणि का

1977 साली ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-80 हे तीन संगणक एकाच वर्षात बाजारात आले आणि तोवर कचेऱ्या व प्रयोगशाळांपुरता असलेला संगणक घरातल्या टेबलावर येऊन बसला. तेव्हापासून 1990च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे आयबीएमच्या धर्तीचा पीसी सगळीकडे पसरेपर्यंत, घरगुती संगणकांच्या कितीतरी जाती निघाल्या आणि बंदही पडल्या. त्या संगणकांचे कौतुक करणारे, त्यांची दुरुस्ती दाखवणारे आणि त्यांचा इतिहास सांगणारे व्हिडिओ करणारी एक मोठी, कष्टाळू मंडळी आज यूट्यूबवर आहे. या व्हिडिओंचे परीक्षण करताना एखादेच चॅनेल निवडून त्याला गुण देण्यापेक्षा हा सगळा प्रकार एकत्र तपासणे मला योग्य वाटते, कारण या विषयाची गोडी लागलेला प्रेक्षक एका चॅनेलवर थांबत नाही. इतिहास एकाकडून ऐकतो, दुरुस्ती दुसऱ्याकडे पाहतो आणि यंत्राचा खरा आवाज ऐकायला तिसऱ्याकडे जातो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. या व्हिडिओंचे खरे मोल दुरुस्तीत आहे. बालपणीच्या आठवणी जागवणारे व्हिडिओ भरपूर आहेत आणि त्यांत वाईट काही नाही. पण ज्यांत बंद पडलेला संगणक उघडला जातो, दोष कुठे आहे हे पायरीपायरीने शोधले जाते आणि शेवटी तो पुन्हा चालू होतो, त्या व्हिडिओंमधून एक अशी विद्या पुढच्या पिढीच्या हाती जाते, जी एरवी तिच्या जाणकारांबरोबरच संपून गेली असती. त्या काळच्या कंपन्यांची सर्व्हिस मॅन्युअल्स आज स्कॅन करून ठेवलेली सापडतात, पण मॅन्युअल लिहिणाऱ्याने चाळीस वर्षांनी गंजलेल्या यंत्राचा विचार केलेला नव्हता. तो विचार हे व्हिडिओ करतात.

या कामात मला सर्वांत भरवशाचे वाटते ते ॲड्रियन्स डिजिटल बेसमेंट हे चॅनेल. ते चालवणारे ॲड्रियन ब्लॅक अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये, नावाप्रमाणे घराच्या तळघरात काम करतात. त्यांची पद्धत समजून घ्यायची असेल तर कमोडोर 64 दुरुस्तीचा कोणताही व्हिडिओ घ्यावा. हा संगणक 1982 साली 595 डॉलरला बाजारात आला. त्याच्या एकूण विक्रीचे अंदाज सव्वा कोटीपासून 1.7 कोटीपर्यंत जातात आणि त्यामुळे आज सापडणाऱ्या बंद संगणकांतही तोच सर्वाधिक दिसतो. धडधाकट यंत्र चालू केले की निळ्या पडद्यावर ‘38911 बेसिक बाइट्स फ्री’ ही ओळ उमटते. बिघडलेल्या यंत्रात मात्र बहुतेक वेळा नुसता काळा पडदा दिसतो आणि त्या काळ्या पडद्यामागे पाच-सहा वेगवेगळी कारणे असू शकतात: वीजपुरवठा, मेमरी, प्रोसेसर, कायमचे प्रोग्रॅम साठवणारी रॉम, चित्र तयार करणारी व्हिक चिप किंवा या सगळ्यांमध्ये पत्त्यांची वाटणी करणारी पीएलए नावाची चिप.

इथून पुढचा क्रम बघण्यासारखा असतो. प्रथम मल्टिमीटर लावून 5 व्होल्टचा डीसी आणि 9 व्होल्टचा एसी पुरवठा मोजला जातो. मग एकेका चिपवर बोट ठेवून ती वाजवीपेक्षा जास्त तापते आहे का ते पाहिले जाते, कारण आतून शॉर्ट झालेली मेमरी चिप काही क्षणांतच चटका देते. एवढ्याने निदान झाले नाही तर मागच्या खाचेत तपासणीचा प्रोग्रॅम असलेले डेड-टेस्ट कार्ट्रिज बसवले जाते. हे कार्ट्रिज संगणकाच्या स्वतःच्या रॉमवर अवलंबून नसते. ते थेट मेमरी तपासते आणि दोष आढळला की पडदा ठरावीक वेळा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकला ते मोजले की आठ मेमरी चिप्सपैकी कोणती गेली आहे ते कळते. त्यानंतर संशयित चिपच्या पाठीवर तशीच एक चांगली चिप पायाला पाय जुळवून दाबून धरायची, आणि चित्रात फरक पडला की संशय पक्का समजायचा. शेवटी जुन्या चिपच्या सोळा पायांचे कथलाचे डाग एकेक करून काढायचे. इथे घाई केली किंवा उष्णता जास्त दिली तर बोर्डावरची तांब्याची गोल चकती उखडून हातात येते, म्हणून त्या जागी नवी चिप थेट डागण्याऐवजी सॉकेट बसवले जाते; पुढच्या वेळी तापवायची गरजच राहत नाही.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: फसलेले निदान कापून टाकले जात नाही. चिप बदलली, कार्ट्रिजने मेमरी ठीक असल्याचे सांगितले आणि तरी पडदा काळाच राहिला, असे झाले तर तेही व्हिडिओत राहते. मग विजेचे संकेत पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप बाहेर येतो, चिप्सना ताल देणाऱ्या घड्याळाचा ठोका प्रोसेसरपर्यंत पोहोचतो आहे का ते पाहिले जाते, रिसेटची ओळ योग्य वेळी वर जाते आहे का ते तपासले जाते, आणि प्रेक्षकाला पहिला तर्क का चुकला हे कळते. दुरुस्ती शिकणाऱ्याला यशापेक्षा या चुकलेल्या वाटांचा उपयोग जास्त होतो, कारण स्वतःच्या टेबलावर त्याला त्याच वाटा भेटणार असतात. पाऊण-एक तासाचा व्हिडिओ कापून दहा मिनिटांचा केला असता तर पाहणारे कदाचित वाढले असते, पण शिकणारे कमी झाले असते.

पुष्कळ व्हिडिओ पाहिले की प्रत्येक जातीच्या संगणकाचे ठरलेले दुखणे लक्षात येऊ लागते. सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम 23 एप्रिल 1982 रोजी जाहीर झाला. 16 किलोबाइटचा 125 पौंडांना आणि 48 किलोबाइटचा 175 पौंडांना. त्याच्या खालच्या 16 किलोबाइट मेमरीच्या चिप्सना 5, 12 आणि उणे 5 असे तीन व्होल्टेज लागतात. ते तयार करणारे बोर्डावरचे छोटे सर्किट बिघडून उणे 5 व्होल्ट नाहीसे झाले की त्या चिप्स जळतात, आणि नुसत्या चिप्स बदलून यंत्र चालू केले तर नव्याही जळतात. रबरी बटणांखालचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा वयाने कडक होऊन तडकतो, तो आता नव्याने बनवून मिळतो. एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो बांधणीने दणकट आहे, पण त्याच्या वीजपुरवठ्यात मुख्य विजेच्या बाजूला असलेले कागदी कपॅसिटर तडे जाऊन ओलावा शोषतात आणि एके दिवशी धूर सोडून फुटतात. कमोडोरच्याच अमिगा 2000 आणि अमिगा 4000 यांच्या बोर्डावर, तसेच अमिगा 500च्या पोटात बसणाऱ्या मेमरी कार्डावर, घड्याळ चालू ठेवण्यासाठी पुन्हा चार्ज होणारी बॅटरी डागलेली असते. ती गळली की तिच्यातला क्षार आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खात सुटतो. तो अल्कली असल्याने आधी पांढऱ्या व्हिनेगरने त्याचा जोर मारायचा, मग पाण्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करायची आणि तुटलेल्या रेषा बारीक तारेने जोडायच्या, हे काम यान बेटा या जर्मन यूट्यूबरच्या चॅनेलवर शांतपणे, गडबड न करता दाखवलेले सापडते. ज्याच्याकडे असा संगणक कपाटात पडून आहे त्याने दुसरे काही नाही तरी बॅटरी कापून काढण्याचा व्हिडिओ पाहावा, कारण बॅटरी गळायची थांबत नाही आणि यंत्र बंद असले तरी नुकसान चालूच राहते.

दुरुस्तीनंतर क्रम लागतो समजावून सांगणाऱ्या व्हिडिओंचा, आणि तिथे दि 8-बिट गाय या नावाने ओळखले जाणारे टेक्सासचे डेव्हिड मरे यांचा हात धरणारे फार थोडे आहेत. जुन्या संगणकांवर चित्रे आणि आवाज कसे तयार होत, यावरची त्यांची मालिका अगदी नवख्या माणसालाही कळते. स्पेक्ट्रमचेच उदाहरण घ्या. त्याचा पडदा 256 गुणिले 192 ठिपक्यांचा, पण रंग प्रत्येक ठिपक्याला वेगळा देता येत नाही. 8 गुणिले 8 ठिपक्यांच्या चौकोनाला दोनच रंग मिळतात. त्यामुळे चित्राचे ठिपके 6144 बाइटमध्ये आणि सगळे रंग अवघ्या 768 बाइटमध्ये मावतात. लाल कपड्यांतला खेळाडू हिरव्या झाडापुढून गेला की झाडाचा तुकडा लाल होतो, तो याच काटकसरीमुळे. मेमरी महाग असताना घेतलेला हा अभियांत्रिकी निर्णय होता, हे एकदा समजले की त्या काळच्या खेळांकडे बघण्याची नजर बदलते. मरे यांनी कमोडोर कंपनीचा इतिहासही यंत्रागणिक भाग करून सांगितला आहे. त्यात 6502 जातीच्या प्रोसेसरपासून सुरू झालेला धागा पेट, व्हिक-20 आणि 64 असा कसा पुढे जातो, हे प्रत्यक्ष यंत्रे टेबलावर मांडून दाखवले आहे.

यंत्र चालताना दाखवणे हे वाटते तेवढे सोपे नाही, आणि व्हिडिओची गुणवत्ता मी बरीचशी यावरून जोखतो. पिक्चर ट्यूबवरचे चित्र युरोपातल्या संगणकांत सेकंदाला 50 वेळा आणि अमेरिकेतल्या संगणकांत 60 वेळा नव्याने रंगवले जाते. कॅमेऱ्याचा शटर त्या गतीशी जुळवून घेतला नाही तर पडद्यावरून एक काळा पट्टा सतत खाली सरकताना दिसतो आणि डोळे दुखू लागतात. यूट्यूबने सेकंदाला 60 चित्रांची सोय 2014 साली दिली. त्याआधीच्या व्हिडिओंत 30च चित्रे असल्याने एक गंमतशीर पण गंभीर नुकसान झाले आहे: जुन्या खेळांत हार्डवेअरची मर्यादा ओलांडण्यासाठी दोन आकृत्या आळीपाळीने, एका चित्राआड एक, दाखवत असत. डोळ्यांना त्या किंचित थरथरणाऱ्या, पारदर्शक दिसत. 30 चित्रांच्या व्हिडिओत त्यांतली एक कायमची दिसेनाशी होते. ॲपल टूचे रंग तर अमेरिकी टीव्हीच्या रंगसंकेतातून आपोआप निपजतात. स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी ठिपक्यांची वेळ अशी साधली की टीव्हीला त्या जागी रंग आहे असे वाटावे. आजच्या सपाट पडद्यावर कन्व्हर्टर लावून तो संगणक दाखवला की हे रंग फिके किंवा चुकीचे दिसण्याचा संभव असतो. ज्या व्हिडिओकर्त्यांना हे ठाऊक असते ते खरी ट्यूब वापरतात, खोली अंधारी करतात, कॅमेरा स्थिर ठेवतात, आणि त्यांचे व्हिडिओ नोंद म्हणून टिकाऊ ठरतात.

स्पेक्ट्रमवर कॅसेटवरून खेळ चढतानाचे दृश्य मी मुद्दाम पूर्ण बघतो. टेप सुरू झाली की पडद्याच्या कडेला आधी लाल आणि आकाशी रंगाचे जाड पट्टे सरकतात, मग खरी माहिती येऊ लागली की निळे-पिवळे बारीक पट्टे धावू लागतात. चित्र वरून खाली सरळ उमटत नाही. पडद्याचे तीन भाग असतात, आणि प्रत्येक भागात आधी प्रत्येक अक्षर-ओळीची पहिली रेघ, मग दुसरी, अशा विचित्र क्रमाने रेघा भरत जातात. चित्र पूर्ण होते तेव्हा ते काळे-पांढरे असते, आणि अगदी शेवटी ते 768 बाइट आले की वरून खाली रंग भरत जातो. मेमरीची रचना इतक्या स्पष्टपणे डोळ्यांसमोर मांडणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही. काही व्हिडिओंत वेळ वाचवण्यासाठी हा भाग कापलेला असतो, तेव्हा वाईट वाटते.

आवाजाबाबत हीच गोष्ट. कमोडोर 64 मधली सिड ही ध्वनिचिप बॉब यानेस यांनी घडवली. तीन स्वरांच्या या चिपमध्ये फिल्टर आहे, आणि जुन्या 6581 क्रमांकाच्या चिप्समध्ये हा फिल्टर दोन नगांत एकसारखा वाजत नाही. नंतरची 8580 चिप वेगळ्या व्होल्टेजवर चालते आणि तिचा नादही वेगळा आहे. म्हणून चांगला व्हिडिओकर्ता कोणत्या क्रमांकाची चिप वाजते आहे ते सांगतो आणि ध्वनी थेट यंत्राच्या सॉकेटमधून घेतो. या चिपचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. ज्या शिल्लक आहेत त्यांचे नाद नीट ध्वनिमुद्रित करणे हे संगीतवाद्य जपण्याइतकेच निकडीचे काम आहे, आणि त्यासाठी अजून अधिक व्हिडिओ व्हायला हवेत.

एलजीआर हे क्लिंट बेसिंजर यांचे चॅनेल यापेक्षा वेगळ्या चवीचे आहे. विस्मृतीत गेलेली विचित्र उपकरणे, खोका न उघडलेले जुने संगणक, त्या काळच्या जाहिराती आणि पुस्तिका यांवर त्यांचा भर असतो. बोलणे संथ, ऐकायला सुखद. दुरुस्तीची खोली तिथे शोधू नये, पण एखाद्या वस्तूसोबत खोक्यात नेमके काय काय येत असे याची नोंद म्हणून हे व्हिडिओ उपयोगी आहेत. इंग्लंडमधले आरएमसी हे चॅनेल दुरुस्ती आणि गप्पा यांचा मेळ घालते आणि त्याच्या चालकांनी पुढे भेट देता येईल, यंत्रांना हात लावता येईल असे संग्रहालयच उभे केले, हे मला फार आवडले. नुसते खेळ खेळून दाखवणाऱ्या किंवा ‘सर्वोत्तम दहा’ छापाच्या व्हिडिओंबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

माणसांच्या मुलाखतींना मात्र वेगळे स्थान आहे. यंत्र चाळीस वर्षांनी दुरुस्त होऊ शकते. ते घडवणाऱ्याची आठवण त्याच्याबरोबर जाते. 6502 प्रोसेसरमागचे प्रमुख अभियंता चक पेडल 2019 साली वारले, पण अमेरिकेतल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियमने 2014 मध्ये त्यांची प्रदीर्घ मुलाखत घेऊन ठेवली होती, आणि ती आज कोणालाही पाहता येते. तशाच कामाच्या प्रोसेसरना शेकडो डॉलर मोजावे लागत असताना हा प्रोसेसर 1975 साली 25 डॉलरला विकायला काढण्याचा निर्णय पुढच्या कित्येक घरगुती संगणकांच्या मुळाशी आहे. तो घेणाऱ्या माणसाच्या तोंडून त्या दिवसांविषयी ऐकणे आणि पुस्तकात वाचणे यांत फरक आहे. कमोडोर 128 चे अभियंता बिल हर्ड तर स्वतःच व्हिडिओंतून बोलतात, आणि मुदत गाठण्यासाठी काय काय तडजोडी कराव्या लागल्या ते मोकळेपणाने सांगतात. स्पेक्ट्रमला रूप देणारे रिक डिकिन्सन 2018 मध्ये आणि क्लाइव्ह सिंक्लेअर 2021 मध्ये गेले. ही यादी वाढतच जाणार आहे, म्हणून जो कॅमेरा आज एखाद्या निवृत्त अभियंत्यासमोर उभा राहतो तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याच काळात चित्रित झालेले कार्यक्रम या नव्या व्हिडिओंच्या जोडीला पाहावेत. ब्रिटनमध्ये बीबीसीने जानेवारी 1982 पासून संगणक साक्षरतेची मालिका दाखवली आणि तिच्यासाठीच बीबीसी मायक्रो हा संगणक बनवून घेतला होता. 2018 साली बीबीसीने त्या प्रकल्पातले जुने कार्यक्रम आणि त्यांतले प्रोग्रॅमही ब्राउझरमध्ये चालवता येतील अशा रूपात खुले केले. अमेरिकेत स्ट्युअर्ट शेफे यांचा ‘कम्प्युटर क्रॉनिकल्स’ हा सार्वजनिक टीव्हीवरचा कार्यक्रम 2002 पर्यंत चालला आणि त्याचे भाग इंटरनेट अर्काइव्हवर ठेवलेले आहेत. त्यांत हे संगणक नवे कोरे आहेत, माणसे त्यांच्याकडे भविष्य म्हणून पाहत आहेत, आणि कोणती गोष्ट पुढे टिकेल याचा अंदाज कोणालाच नाही. आजच्या कौतुकाच्या व्हिडिओत हा अनिश्चितपणा पकडता येत नाही.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार म्हणजे दुरुस्ती आणि जतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे भान पुष्कळ व्हिडिओंत सुटते. पिवळे पडलेले प्लॅस्टिक पांढरे करण्याचा सोस हे त्याचे ठळक उदाहरण आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप आणि अतिनील किरण वापरून प्लॅस्टिक उजळवण्याची ‘रेट्रोब्राइट’ ही रीत 2008च्या सुमारास पसरली आणि पाहायला ती फार समाधान देते: सकाळी पिवळे झाकण उन्हात ठेवले, संध्याकाळी पांढरे. पण लेप मध्येच सुकला तर पांढरे-पिवळे पट्टे उमटतात, ते सहजी जात नाहीत. आणि कालांतराने पिवळेपणा परतल्याचेही अनेकांनी दाखवून दिले आहे. ज्या जातीचे लाखो नग आहेत तिथे हे प्रयोग चालतील. मोजकेच नग उरलेल्या संगणकाला घासणे, रंगवणे, त्याचे मूळ कपॅसिटर सरसकट काढून टाकणे हे संग्रहालयातला माणूस करणार नाही. तो आधी छायाचित्रे काढील, प्रत्येक बदलाची नोंद ठेवील आणि काढलेला भाग पिशवीत घालून सोबत ठेवील. ‘आधी आणि नंतर’ या चित्रांच्या मोहापायी हे मागे पडते. मी तरी व्हिडिओकर्त्याने कोणता भाग का बदलला आणि जुन्याचे काय केले, हे सांगितले आहे का ते बघतो.

दुसरी तक्रार सुरक्षिततेची. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्टचा दाब असतो आणि मॉनिटर बंद केल्यावरही तो काही काळ राहू शकतो. अनुभवी माणूस ट्यूब डिस्चार्ज करण्याचे, म्हणजे तिच्यात साठलेली वीज काढून टाकण्याचे काम सफाईने करतो, म्हणून ते सोपे दिसते. अशा व्हिडिओच्या सुरुवातीलाच, ओझरत्या वाक्यात नव्हे, नीट थांबून धोका सांगायला हवा. काही जण तो सांगतात. सगळे सांगत नाहीत.

तिसरी गोष्ट माहिती शोधण्याची. एखाद्या बोर्डावरचा नेमका कोणता ट्रान्झिस्टर बदलला, त्याला पर्यायी भाग कोणता चालतो, हे तासाभराच्या व्हिडिओत बेचाळिसाव्या मिनिटाला अर्ध्या वाक्यात येऊन जाते, आणि ज्याला तेवढेच हवे आहे त्याला सगळा व्हिडिओ चाळावा लागतो. वर्णनाच्या जागी बोर्डाचा क्रमांक, बदललेल्या भागांची नावे आणि निदानाच्या पायऱ्या चार-पाच ओळींत लिहून ठेवल्या तर त्या व्हिडिओचे आयुष्य वाढेल. ज्या चॅनेलवर हे केलेले असते त्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. याच्याशी जोडलेला धोका असा की हे सारे ज्ञान एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहे. जुन्या खेळाच्या संगीतावर कोणी हक्क सांगितला किंवा खाते बंद झाले की वर्षानुवर्षांचे काम दिसेनासे होऊ शकते. फ्लॉपीवरचे चुंबकीय ठसे ग्रीझविझल किंवा क्रायोफ्लक्ससारख्या उपकरणाने जसेच्या तसे उतरवून घेण्याची, कॉपी-संरक्षणाच्या मुद्दाम केलेल्या चुकांसकट जपण्याची काळजी हीच मंडळी घेतात; तीच काळजी स्वतःच्या व्हिडिओंबाबत घेऊन त्यांची एक प्रत इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी ठेवावी, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

आणि शेवटची तक्रार निवडीची. कमोडोर, सिंक्लेअर, ॲपल आणि अटारी यांवर व्हिडिओंचा पूर आहे. वेल्समध्ये बनलेला ड्रॅगन 32, फ्रान्समधल्या शाळांत गेलेला थॉमसनचा एमओ5, पूर्व जर्मनीचा केसी 85 किंवा युगोस्लाव्हियात वोया अंतोनिच यांनी 1983 साली लोकांना घरी जोडता यावा म्हणून रचलेला गालाक्सिया, यांच्या वाट्याला त्यामानाने फार थोडे येते, आणि जे येते ते बहुधा त्या त्या देशाच्या भाषेत असते. उपशीर्षके असतील तर ते व्हिडिओ जरूर पाहावेत, कारण सुटे भाग आणि पैसा दोन्ही कमी असताना संगणक कसा घडवायचा, याची उत्तरे तिथे अधिक कल्पक आहेत.

एकूण गुण द्यायचे तर दुरुस्तीच्या व्हिडिओंना मी पाचपैकी साडेचार देईन, समजावून सांगणाऱ्यांना चार, मुलाखतींना पूर्ण पाच आणि जतनाच्या शिस्तीला तीन. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी दि 8-बिट गायची कमोडोर मालिका पाहावी, यंत्राच्या आत डोकावायची इच्छा झाली की ॲड्रियन्स डिजिटल बेसमेंटकडे जावे, आणि मधूनमधून बीबीसीचे 1982चे कार्यक्रम चाळावेत. ज्यांच्या घरात माळ्यावर खरा कमोडोर 64 आहे त्यांनी क्रम बदलावा: काहीही चालू करण्याआधी त्याच्या मूळ वीजपुरवठ्यावरचा एखादा व्हिडिओ पाहावा. त्या जड, राळ ओतून बंद केलेल्या ठोकळ्यातला रेग्युलेटर म्हातारपणी बिघडला की 5 व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज सोडतो आणि मेमरी चिप्स जळतात. ठोकळा संगणकाला न जोडता मल्टिमीटरने मोजावा, आकडा 5.25च्या वर गेला तर तो पुन्हा वापरूच नये. आणि आकडा ठीक आला तरी निश्चिंत होऊ नये, कारण हा दोष पुष्कळदा ठोकळा तापल्यावरच डोके वर काढतो. नव्याने बनवलेला पुरवठा घेणे हेच उत्तम.